आजोबांचा पाइप आणि शाळेतली काळी कांडी

इतवारीत सराफा ओळीच्या मागे आमच्या आत्याचे जुने घर आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी कौले काढून स्लॅब टाकायचे ठरले आणि माळा रिकामा करावा लागला. हंडे, घंगाळे, मोडका पाट अशा वस्तूंबरोबर एक पत्र्याची पेटी खाली आली. आत्याने ती आमच्यासमोर ठेवली, पण स्वतः उघडली नाही. "बाबांची आहे. तूच उघड. मला त्या वासानं मळमळतं," ती म्हणाली.

पेटीत चष्म्याचे घर, काही पिवळे पडलेले कागद आणि तंबाखू ओढण्याचा एक लाकडी पाइप होता. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये नोकरीला होते. तिथल्या एका इंग्रज इंजिनिअरने मायदेशी परत जाताना त्यांना तो भेट दिला, एवढेच घरात माहीत आहे. आजोबांनी तो वीसेक वर्षे ओढला. १९७१ साली तोंडाच्या कर्करोगाने ते गेले. आम्ही त्यांना पाहिलेले नाही. आत्याने मात्र त्यांचे शेवटचे आठ महिने पाहिले आहेत. त्यामुळे पाइप टाकवत नाही आणि घरात ठेववतही नाही, अशी तिची अवस्था होती. "वास तेवढा घालव आणि जरा नीट करून दे," असे म्हणून तिने काम आमच्यावर सोपवले.

जुने पाइप मिळवून ते दुरुस्त करणे हा जगात अनेकांचा छंद आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. आम्ही तंबाखूच्या वाटेला गेलेलो नाही आणि कोणी जावे असेही सुचवत नाही. पण रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला या मुठीएवढ्या वस्तूत लाकूड, रबर, गंधक, चांदी, डांबर आणि मेण असे अर्धे पाठ्यपुस्तक सापडते. शिवाय या खटपटीत शाळेच्या प्रयोगशाळेतले एक जुने कोडेही सुटले. म्हणून हा लेख.

लाकूड जळत का नाही?

पाइपचे तीन भाग असतात. तंबाखू भरायची वाटी, तिला जोडलेली पोकळ दांडी आणि तोंडात धरायची काळी नळी. आमच्या पाइपला दांडी आणि नळी यांच्या सांध्यावर चांदीचे कडेही होते.

आपली चिलीम मातीची असते. कुंभाराच्या भट्टीतून निघालेल्या मातीला निखाऱ्याचे भय नाही. लाकडाला ते आहे. मग लाकडाच्या वाटीत विस्तव ठेवला तर वाटीच का पेटत नाही?

याचे पहिले कारण लाकडाच्या जातीत आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत 'एरिका आर्बोरिया' नावाचे मोठे झुडूप वाढते. त्याच्या खोडाच्या तळाशी, जमिनीलगत, एक टणक गाठ तयार होते. वणव्यात वरचे झुडूप जळाले, तरी या गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. आपल्या जंगलात आगीनंतर तेंदू आणि पळस जमिनीखालून फुटून येतात, तसाच हा प्रकार. या गाठीच्या लाकडाला 'ब्रायर' म्हणतात. ते घट्ट असते आणि त्याचे तंतू एका दिशेने न जाता गुंतलेले असतात, म्हणून ते सहजासहजी उभे चिरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधल्या सँ-क्लोद या गावाच्या परिसरात त्याचे पाइप बनू लागले. त्याआधी युरोपातले पाइप मुख्यतः पांढऱ्या मातीचे किंवा तुर्कस्तानातून येणाऱ्या 'मीरशॉम' या सच्छिद्र, हलक्या खनिजाचे असत.

दुसरे कारण असे, की लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे आणि वाटीची भिंत जाड असते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. काही दिवसांच्या वापराने वाटीला आतून कोळशाचा पातळ थर चढतो. पुढची आंच तो थर सोसतो आणि मागचे लाकूड वाचते. मात्र थर वाढतच गेला, तर तापल्यावर तो लाकडाएवढाच प्रसरण पावत नाही आणि वाटीला तडा जाण्याची भीती असते. म्हणून छंदिष्ट लोक तो खरवडून रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी ठेवतात. आजोबांच्या पाइपात हा थर इतका वाढला होता, की वाटीत करंगळीही जात नव्हती.

दांडीत काय साचले होते?

थर खरवडून झाला. मग तारेला कापूस गुंडाळून, तो स्पिरिटमध्ये भिजवून दांडीच्या भोकातून फिरवला. कापूस बाहेर आला तो डिंकासारख्या चिकट, काळ्या पदार्थाने माखून. असे पन्नासेक बोळे झाले, तरी रंग उतरेना.

हे आहे तंबाखूचे डांबर. जळत्या तंबाखूच्या खाली काही अंतरावर हवा अपुरी असते. तिथे पान धडपणे जळत नाही, नुसते भाजून फुटते. त्यातून निघालेल्या वाफा आणि सूक्ष्म थेंब पुढे थंड दांडीत येतात आणि भिंतीवर घट्ट होतात. ऊर्ध्वपातनाच्या प्रयोगात थंड नळीत वाफेचे द्रव होते, तेच इथे घडते. फरक इतकाच, की पाइपची दांडी आखूड आहे. जे तिच्यात थांबत नाही, ते पुढे तोंडात जाते.

या डांबरात निकोटीन असते आणि अनेक कड्यांचे हायड्रोकार्बनही असतात. काजळी आणि कर्करोग यांचा संबंध लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या बाबतीत दाखवला होता. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने कोळशाचे डांबर चोळून तिथे कर्करोग उत्पन्न होतो हे १९१५ साली सिद्ध केले. पाइप ओढणारे पुष्कळजण धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच घोळवतात. म्हणून तो निर्धोक, असा समज आजोबांच्या काळी होता. धूर तोंडात घोळवला, की डांबर ओठ, जीभ आणि गालाच्या आतल्या बाजूवर बसते. आमच्यासमोरचे काळे बोळे हा त्याचा पुरावा होता. आम्ही ते आत्याला दाखवले नाहीत.

एक सूचना. निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते. ओल्या तंबाखूच्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांना त्यामुळे उलट्या आणि चक्कर येते. म्हणून हे काम हातमोजे घालूनच करावे आणि विद्यार्थ्यांच्या हाती मुळीच देऊ नये. स्पिरिटजवळ ज्योतही असू नये.

वास ओढून काढण्याची युक्ती

भोक स्वच्छ झाले, तरी वास गेला नाही, कारण तो लाकडाच्या आत मुरला होता. त्यावर छंदिष्टांची एक जुनी युक्ती आहे. वाटीत जाडे मीठ भरायचे, त्यावर मीठ भिजेल इतके स्पिरिट थेंबाथेंबाने सोडायचे आणि पाइप रात्रभर उभा ठेवायचा. आम्ही किराणा ओळीतून खडे मीठ आणले आणि हा प्रयोग केला. सकाळी वरचे पांढरे मीठ चहासारखे तपकिरी झाले होते.

पुष्कळांना वाटते, की मीठ डांबर 'खाते'. मीठ यात काहीच खात नाही. स्पिरिटमध्ये ते जवळजवळ विरघळतही नाही. काम होते ते असे. स्पिरिट लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि तिथले डांबर विरघळवते. मिठाच्या खड्यांमधल्या फटी बारीक नळ्यांसारख्या असतात, त्यांतून हा द्राव केशाकर्षणाने वर चढतो. वरच्या पृष्ठभागावर स्पिरिटचे बाष्पीभवन होते आणि डांबर मागे उरते. जागा रिकामी झाली, की खालून आणखी द्राव वर येतो. म्हणजे बाष्पीभवन हा इथला पंप आहे आणि मीठ ही नुसती वात.

हेच तत्त्व फार मोठ्या कामात वापरतात. जुन्या दगडी वास्तूंच्या भिंतीत क्षार मुरले, की दगड पोपडे धरून सुटू लागतो. तेव्हा कागदाचा ओला लगदा भिंतीवर लिंपून वाळू देतात. वाळताना क्षार दगडातून लगद्यात येतात. मग तो काढून टाकायचा.

मिठाऐवजी कापूस भरला तरी काम होते, हे नंतर कळले. किंबहुना कापूसच बरा. स्पिरिटमध्ये थोडे पाणी असतेच. त्यात विरघळलेले मीठ लाकडात शिरून तिथे स्फटिकरूप झाले, तर लाकूड चिरण्याचा धोका असतो. आम्ही पुढच्या तीन रात्री कापूसच वापरला. चौथ्या दिवशी वास फक्त नाक लावले तरच येत होता.

हिरवट नळीचे कोडे

आता काळी नळी. ती काळी राहिलीच नव्हती. एक बाजू शेवाळासारखी हिरवट-तपकिरी झाली होती आणि दुसरी बरीच बरी होती. असे एकाच बाजूला का व्हावे? आत्याला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा गेल्यावर आईनं तो त्यांच्या खिडकीत तसाच ठेवला होता. कितीतरी वर्षं. पेटीत मग घातला." म्हणजे हिरवी बाजू खिडकीकडे होती.

ही नळी एबोनाइटची असते. रबर गंधकाबरोबर तापवले, की ते टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली आढळले. सायकलच्या ट्यूबसारख्या रबरात शंभर भागांना एक ते तीन भाग गंधक असते. ते तीस-चाळीस भागांवर नेले आणि पुष्कळ वेळ तापवले, तर रबराच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी इतक्या जखडल्या जातात, की पदार्थ लाकडासारखा कठीण होतो. चार्ल्स यांचे बंधू नेल्सन यांनी १८५१ साली त्याचे पेटंट घेतले. रंग आबनुसासारखा काळा, म्हणून नाव एबोनाइट. राजमहेंद्रीला हाताने बनणारी शाईची पेने याच पदार्थाची असतात.

एबोनाइटचा शत्रू म्हणजे उजेड. प्रकाश, ऑक्सिजन आणि दमट हवा एकत्र आली, की पृष्ठभागावरचे गंधकाचे पूल तुटतात. गंधकाचे ऑक्सिडीकरण होते आणि पाण्याशी संयोग होऊन अल्पसे गंधकाम्ल तयार होते. आम्ही ओला निळा लिटमस कागद हिरव्या बाजूवर दाबून धरला. तो तांबूस झाला. दुसऱ्या बाजूवर तो जवळजवळ निळाच राहिला. प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे हा बिघाड वरच्या पातळ थरापुरताच असतो. तो काढला, की खाली मूळचा काळा पदार्थ मिळतो.

इथे आम्हाला शाळेची आठवण झाली. स्थितिक विद्युत शिकवताना गुरुजी एबोनाइटची कांडी लोकरीवर घासत आणि कागदाचे कपटे काही केल्या चिकटत नसत. "आज हवा दमट आहे," असे ते म्हणत. नागपूरच्या एप्रिलमध्येही ते असेच म्हणत. आता त्या कांडीचा रंग आठवतो, तो तपकिरी होता. प्रयोगशाळेच्या खिडकीत ती वर्षानुवर्षे पडलेली असे. पृष्ठभागावरचे गंधकाम्ल हवेतला ओलावा ओढून घेते आणि अम्लाचा हा ओलसर थर विद्युतवाहक बनतो. घासून निर्माण झालेला भार त्या थरावरून हातात निघून जातो. जुन्या तारयंत्रांत आणि रेडिओंत एबोनाइटच्या पट्ट्या विसंवाहक म्हणून वापरत. उजेडात राहिल्या, की त्याही अशाच 'गळू' लागत. कांडी निकामी झाली नव्हती, तिची कातडी बिघडली होती, एवढेच.

आपल्या शाळेत अशी कांडी असेल, तर ती टाकून देऊ नका. पाण्याबरोबर वापरायचा बारीक पॉलिश पेपर घेऊन ती ओलीच घासावी, म्हणजे धूळ उडणार नाही. खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने पुसावी, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावी आणि काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी.

दातांच्या खुणा

नळीच्या टोकाला वर एक आणि खाली एक असे खोल खळगे होते. आजोबा पाइप दातांत धरून हिशेब लिहीत. खळगे भरून काढायला काही चिकटवावे लागेल, असे आम्हाला वाटले होते. पण एबोनाइटचा एक गुण इथे कामी येतो. तापवल्यावर ते मऊ होते, पण मेणासारखे वितळत नाही, कारण गंधकाचे पूल साखळ्यांना जागा सोडू देत नाहीत. दाताने दाबलेल्या साखळ्या तिथेच थिजलेल्या असतात. उष्णता मिळताच त्या मोकळ्या होऊन मूळ ठिकाणी परततात. जणू पदार्थाला आपला पहिला आकार आठवतो.

आम्ही नळी उकळत्या पाण्यात धरली. दोन-तीन मिनिटांत खळगे डोळ्यांदेखत वर आले! आनंद फार टिकला नाही. बाहेर काढली, तेव्हा सबंध नळी मळकट खाकी झाली होती. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग जातो, हे आम्ही आधी वाचायला हवे होते. गरम कोरड्या हवेने हेच काम रंग न घालवता झाले असते. आमच्या उतावळेपणाची शिक्षा म्हणून दोन संध्याकाळी नळी घासण्यात गेल्या.

वाटीच्या काठाला राख झटकताना पडलेले खड्डे होते. तेही अशाच युक्तीने निघाले. ओल्या फडक्याची घडी खड्ड्यावर ठेवून तिच्यावर गरम सुरीचे पाते टेकवले. वाफ लाकडात शिरली, चेपलेल्या पेशींच्या भिंती मऊ झाल्या आणि फुगून वर आल्या. मात्र जिथे तंतू तुटले होते, तिथे काही झाले नाही. दबलेले परत येते, तुटलेले येत नाही.

कडे आणि चकाकी

चांदीचे कडे सैल होते, ते अलगद निघाले. ते काळे पडले होते. चांदी काळी पडते ती बहुतेक हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. इथे तर शेजारीच गंधकाने भरलेली नळी होती. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर कडे टेकवून त्यावर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घातला. चांदीपेक्षा ॲल्युमिनियम अधिक क्रियाशील आहे. ते स्वतः झिजते आणि सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी पुन्हा चांदी होते. घासून काळेपणा काढला तर चांदीही थोडी जाते, या रीतीत ती परत मिळते. कुजक्या अंड्यांसारखा किंचित वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

उजळल्यावर कड्यावर बारीक ठसे दिसले. सराफा ओळीतल्या एका सराफांनी डोळ्याला भिंग लावून ते पाहिले. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी आणि नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचे चिन्ह. शेजारचे अक्षर वर्षाचे असते, पण आमच्या कड्यावर ते झिजून गेले होते.

शेवटी चकाकी. लोहा ओळीतून चारशे ते दोन हजार नंबरचे पॉलिश पेपर आणले. चारशे नंबरच्या कागदाचे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे, तर दोन हजारच्या कागदाचे सुमारे १० मायक्रॉनचे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखडे तरंगलांबीहून मोठे असेपर्यंत प्रकाश विखुरतो आणि वस्तू मंद दिसते. म्हणून सर्वांत बारीक कागदानंतरही त्याहून बारीक भुकटीची पॉलिश लागते. लाकडावर आम्ही ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडापासून मिळणारे कार्नोबा मेण चोळले. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. नागपूरच्या मे महिन्यात हा फरक बोटाला कळतो.

वर्गात करण्यासारखे

या साऱ्यातले तीन प्रयोग तंबाखूशिवाय वर्गात करता येतात. एक, लाकडी फळीवर हातोडीने दोन खड्डे पाडावेत आणि तिसऱ्या जागी चाकूने कापावे. तिन्हींवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवावी. कोणते भरून येतात आणि कोणते नाही, ते विद्यार्थ्यांना आधी सांगू द्यावे. दोन, शाई मिसळलेल्या उथळ पाण्यात खडू उभा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी शाई कुठे गडद झाली ते पाहावे. तीन, प्रयोगशाळेतली जुनी एबोनाइटची कांडी अर्धीच घासावी, अर्धी तशीच ठेवावी. लिटमस आणि कागदाचे कपटे दोन्ही अर्ध्यांवर तपासावेत.

शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही मुले तंबाखू पाहतातच. तिच्याविषयी बोलताना नुसते 'वाईट आहे' म्हणण्यापेक्षा धुरातले डांबर थंड नळीत कसे साचते, ते फळ्यावर काढून दाखवणे अधिक परिणामकारक ठरते, असा आमचा अनुभव आहे.

पाइप तयार झाल्यावर आम्ही इतवारीत गेलो. आत्याने तो हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि मान हलवली. वास नव्हता. मग तिने नळीच्या टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि विचारले, "इथं त्यांच्या दातांच्या खुणा होत्या ना रे?"

होत्या. त्या आम्ही विज्ञानाच्या उत्साहात घालवल्या होत्या आणि आता कोणत्याही युक्तीने त्या परत आणता येत नव्हत्या. डांबर काढले ते योग्यच होते. ऑक्सिडीकरणाचा थर काढला, तोही योग्य, कारण तो नळीला पुढे खातच राहिला असता. पण खुणांनी कशाचेही नुकसान होत नव्हते. संग्रहालयांत वस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ दोन नियम पाळतात. जे उलटवता येणार नाही ते शक्यतो करू नये आणि सुरुवातीला वस्तूच्या मालकाशी बोलून घ्यावे. हे नियम आम्ही वाचले होते. ते पाळायचे मात्र राहून गेले.

आत्या रागावली नाही. पाइप आता तिच्या कपाटात, उजेडापासून दूर, काळ्या कापडात आहे. शेजारी चष्म्याचे घर आहे. त्यालाही एका बाजूला पोचा आला आहे. तो काढू का, असे आम्ही या वेळी आधी विचारले. ती "नको" म्हणाली.